माधव : एका नावाचा अर्थ

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त तात्यापारा, रायपूर येथे माजी विद्यार्थी व पालक यांच्यासमोर झालेले भाषण)



माणसाचे नाव प्रथम घरात हाकेसाठी उच्चारले जाते आणि पुढे शाळेत हजेरीसाठी. घरातील हाकेत नाव बहुधा मोडलेले असते. कुणी 'माधू' म्हणते, कुणी 'मध्या', आणि शेजारची छत्तीसगढी आजी 'माधो' म्हणून साद घालते. शाळेच्या पहिल्या दिवशी गुरुजी हजेरीपटावर बोट ठेवून ते नाव प्रथमच अखंड वाचतात, वडिलांच्या नावासह, आडनावासह. बाकावर बसलेले मूल क्षणभर गोंधळते; हा कोण, असे त्याला वाटते. मग शेजारचा कोपराने ढोसतो आणि 'हजर' असा उत्तराचा शब्द निघतो. आपल्या नावाशी मुलाची खरी ओळख त्या दिवशी होते. हीरक महोत्सवाच्या वर्षी साठ वर्षांच्या हजेरीपटांकडे पाहताना या शाळेच्या इतिहासाचा पहिला ग्रंथ म्हणून त्यांच्याकडेच बोट दाखवावे लागेल. इमारती नंतर येतात.

ज्या वस्तीत ही सभा भरली आहे तिचे नावही असेच एका हाकेतून आलेले आहे. संस्कृतातील 'तात' म्हणजे पिता. मराठीत त्याचा 'तात्या' झाला. वडीलधाऱ्याचे नाव थेट घ्यावयाचे नाही, म्हणून तात्या, नाना, आबा, अण्णा ही संबोधने घरोघर रूढ झाली. 'पारा' हा शब्द मात्र इथल्या मातीचा. बूढापारा, ब्राह्मणपारा, आमापारा यांच्या रांगेत तात्यापारा उभा राहतो, आणि मराठी नात्याचा शब्द छत्तीसगढी वस्तीच्या शब्दाला कायमचा चिकटतो. १७४१ साली भास्करपंतांच्या स्वारीने नागपूरकर भोसल्यांचा या प्रदेशात प्रवेश झाला, १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपुरास राहून कारभार पाहू लागले. त्या सत्तेच्या खुणा आज शोधाव्या लागतात. नावातली खूण मात्र रिक्षावाल्याच्या तोंडीही आहे.

आजच्या विवेचनासाठी एकच नाव घेतले आहे: माधव. ते पुरातन आहे, मराठी घरांत कधी फारसे मागे पडले नाही, आणि रायपूरच्या इतिहासात त्याला एक विशेष स्थान आहे.

बारशाचा प्रसंग सर्वांच्या परिचयाचा आहे. पाळण्याच्या वरून आणि खालून बाळाला फिरवताना बायका त्याला गोविंद म्हणतात, गोपाळ म्हणतात. जणू ठरलेले नाव सांगण्यापूर्वी देवाची नावे त्याच्यावरून उतरवून पाहतात. मग आत्या कानाशी वाकते. हा झाला लौकिक सोहळा. शास्त्रोक्त नामकरणात मात्र बालकाला एक नव्हे, चार नावे मिळतात: कुलदेवतेचे, जन्ममासाचे, जन्मनक्षत्राचे आणि व्यवहाराचे. पहिली तीन बहुधा पत्रिकेच्या कागदात राहतात आणि चौथे जगात फिरते. जगाने ज्या नावाने हाक मारावी ते एकच, परंतु देव, ऋतू आणि आकाश यांच्याशीही त्या जिवाचे काही नाते आहे, ही त्यामागची कल्पना फार रम्य आहे.

व्यवहारनाम कसे असावे याविषयी पारस्कर गृह्यसूत्राचे नियम काटेकोर आहेत. मुलाच्या नावात अक्षरे दोन किंवा चार असावीत. आरंभी मृदू वर्ण असावा. मध्ये य, र, ल, व यांपैकी अंतस्थ वर्ण यावा. आणि नाव धातूपासून साधलेले, म्हणजे कृदन्त असावे, तद्धित नसावे. पतंजलींनी महाभाष्याच्या आरंभी व्याकरण का शिकावे याची कारणे सांगताना हाच नियम पुढे केला आहे. कृत् आणि तद्धित यांतला भेद ज्याला कळत नाही, त्याला पोटच्या मुलाचे नावसुद्धा धड ठेवता येणार नाही! व्याकरणाच्या तासाला पेंगणाऱ्या विद्यार्थ्यांना दोन हजार वर्षांपूर्वीचे हे कारण सांगून पाहण्यासारखे आहे.

आता या कसोटीवर 'माधव' घासून पाहावा. आरंभीचा 'म' मृदू आहे, तेवढे साधले. पण अक्षरे तीन, म्हणजे विषम. मध्ये 'ध', तो अंतस्थ नव्हे. आणि 'मधूच्या कुळात जन्मलेला तो माधव' अशी फोड केली तर नाव चक्क तद्धित ठरते. एकामागून एक तीन नियम मोडून हे नाव शतकानुशतके टिकले आहे. मराठी उच्चारात शेवटचा 'अ' गळतो आणि 'मा-धव्' असे दोनच अवयव ऐकू येतात, ही त्यातल्या त्यात पळवाट. परंतु खरे उत्तर वेगळे आहे. देवाचे नाव जेथे आले तेथे लोकांनी सूत्रकारांना बाजूला बसवले.

अर्थाकडे वळावे तर विष्णुसहस्रनामासारखा दुसरा आधार नाही. हजार नावांच्या त्या माळेत 'माधव' एकदा नव्हे, तीनदा येतो, आणि शंकराचार्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या भाष्यात तिन्ही ठिकाणी अर्थ निराळा केलेला आहे. पहिला अर्थ सर्वांना ठाऊक असलेला: 'मा' म्हणजे लक्ष्मी, 'धव' म्हणजे पती. दुसऱ्या ठिकाणी 'मा' म्हणजे विद्या, आणि माधव हा विद्येचा स्वामी. तिसऱ्या ठिकाणी मधुकुळात जन्मलेला यादव. एकाच नावात संपत्ती, विद्या आणि वंश. बारशाच्या दिवशी आईवडिलांच्या मनात आणखी काय असते!

'धव' या शब्दाविषयी येथे थोडे थांबले पाहिजे. 'धव नाही ती विधवा' अशी फोड परंपरेने केली जाते. आधुनिक भाषाशास्त्रज्ञांचे म्हणणे उलट आहे. 'विधवा' हा शब्द फार जुना. युरोपातील भाषांतही त्याची भावंडे आहेत, आणि त्यात 'वि' हा उपसर्गच नाही. पुढे कुणी तरी तो 'वि-धवा' असा तोडला आणि त्यातून पती या अर्थाचा 'धव' हा शब्द वेगळा निघाला. हे मत मान्य केले तर लक्ष्मीपतीच्या नावाचा निम्मा भाग एका दुःखी स्त्रीच्या नावातून उसना घेतलेला ठरतो. भक्ताला याने काही बाधा येत नाही. शब्द कुठून आला हा एक प्रश्न, आणि तो उच्चारताना मनात काय येते हा दुसरा. पण नावांचे अर्थ सांगणाऱ्याने दोन्ही प्रश्न वेगळे ठेवावेत. हल्ली नावांच्या याद्यांत कोणत्याही दोन अक्षरांपुढे 'ईश्वराचा अंश' किंवा 'तेजस्वी' असे छापलेले आढळते. मुलाला जन्मभर सोबत करणाऱ्या शब्दाचा अर्थ एवढ्या स्वस्तात घेऊ नये. कोश उघडावा, जाणत्याला विचारावे.

सहस्रनामाच्या पहिल्याच ठिकाणी भाष्यकार आणखी एक पर्याय देतात: मधुविद्येने जाणला जातो तो माधव. ही मधुविद्या बृहदारण्यक उपनिषदातली. तिचा आशय असा, की ही पृथ्वी सर्व भूतांचा मध आहे आणि सर्व भूते या पृथ्वीचा मध आहेत. तसेच जल, तसाच अग्नी, तसाच वायू, तसेच सत्य, तसाच मनुष्य. जो तो दुसऱ्याचे पोषण आहे आणि दुसऱ्याने पोसलेला आहे. लक्ष्मीपती हा अर्थ देवघरात शोभतो. हा अर्थ घराबाहेरही पुरतो.

वंशाच्या अर्थाला छत्तीसगडात एक अनपेक्षित संदर्भ आहे. विष्णुपुराण आणि भागवत यांच्या वंशावळीत यदूच्या कुळातील हैहय, त्यांच्यात कार्तवीर्य अर्जुन, आणि त्याच्या पुढच्या पिढ्यांत मधू येतो. त्याच्यावरून ते कुळ 'माधव' म्हणवू लागले, असे ही पुराणे सांगतात. रतनपूरचे कलचुरी राजे, ज्यांची एक शाखा रायपुरास नांदली, आपल्या शिलालेखांतून स्वतःला याच हैहय कुळाचे म्हणवीत. पुराणांच्या वंशावळी एकमेकींशी जुळत नाहीत आणि राजांचे दावे तपासून घ्यायचे असतात, हे खरे. तरीही भोसल्यांच्या मागोमाग आलेली मराठी कुटुंबे आपल्या मुलांना जे नाव देत होती, त्याचा पौराणिक धागा त्यांच्या आधीच्या राज्यकर्त्यांच्या कुळाशी बांधलेला निघतो, हे गमतीचे आहे.

ऋतूंतही माधव आहे. तैत्तिरीय संहितेत वसंताचे दोन महिने मधू आणि माधव, म्हणजे चैत्र आणि वैशाख. वैष्णवांच्या मासगणनेत मार्गशीर्षाचा केशव, पौषाचा नारायण, माघाचा माधव. संध्येच्या आचमनात पाणी प्यायचे ते याच तीन नावांनी; माधवाशी तिसरा घोट संपतो. केशवापासून सुरू होणाऱ्या या नावांची संख्या चोवीस, आणि मूर्तिशास्त्रात या चोवीस मूर्ती एकमेकींपासून ओळखल्या जातात त्या केवळ शंख, चक्र, गदा आणि पद्म कोणत्या हाती आहे यावरून. चार वस्तू चार हातांत चोवीसच प्रकारे मांडता येतात. गणिताच्या शिक्षकांनी हे उदाहरण फळ्यावर घ्यावे.

गीतेत हे नाव दोनदा येते, आणि दोन्ही वेळा पहिल्याच अध्यायात. एकदा श्रीकृष्ण पांढऱ्या घोड्यांच्या रथातून शंख फुंकतात तेव्हा. दुसऱ्यांदा अर्जुन विचारतो की स्वजनांना मारून आम्ही सुखी कसे होणार, तेव्हा. लक्ष्मीच्या पतीलाच तो सुखाचा हिशेब विचारतो आहे.

देवाचे नाव मुलाला का द्यावे, या प्रश्नाचे सर्वपरिचित उत्तर भागवताच्या सहाव्या स्कंधात आहे. आयुष्य वाया घालवलेल्या अजामिळाने अंतकाळी धाकट्या मुलाला हाक मारली. मुलाचे नाव नारायण होते, आणि तो तरला. ही कथा ऐकून कुणालाही शंका येईल की बापाच्या मनात देव नव्हताच. भागवतकारांनी ती शंका ओळखून उत्तर देऊन ठेवले आहे: नाव दुसऱ्याच्या संकेतासाठी घेतले, थट्टेत घेतले, पालुपद म्हणून घेतले, अनादराने घेतले, तरी ते आपले काम करते. तेव्हा दिवेलागणीला अंगणात उभे राहून 'मध्या, मेल्या, घरी ये' असे ओरडणाऱ्या आईच्या खात्यावरही काही पुण्य जमा होत असले पाहिजे.

परंतु सर्वच नावे देवाची नसतात, आणि सर्वांना ती मिळतही नव्हती. मनुस्मृतीने ब्राह्मणाचे नाव मंगलवाचक, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक आणि शूद्राचे निंदावाचक असावे असे लिहून ठेवले आहे. त्याविषयी आज लाज वाटण्यापलीकडे काही बोलता येत नाही. याहून अगदी वेगळी गोष्ट म्हणजे मूल जगावे म्हणून आईने ठेवलेले मुद्दाम हलके नाव. महाराष्ट्रात धोंडू, दगडू, भिकाजी. छत्तीसगडात बिसाहू, म्हणजे विकत घेतलेला, आणि दुकालू, म्हणजे दुष्काळात जन्मलेला. मूल देवाकडून किंवा शेजारणीकडून भिक्षा म्हणून मागून घ्यायचे अथवा दोन दाणे देऊन विकत घ्यायचे, म्हणजे मृत्यूची नजर त्याच्यावर पडत नाही. भिकाजी आणि बिसाहू या दोन नावांचे अर्थ शेजारी ठेवले की दोन भाषांतल्या आयांचे भय एकच होते हे कळते. अशा नावाला हसणाऱ्या मुलाला शिक्षकाने वर्गातच हा अर्थ सांगावा.

आणि नाव म्हणजे काय हे या प्रदेशात ज्यांच्याकडून शिकावे ते रामनामी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चारपारा गावच्या परशुरामांपासून हा पंथ सुरू झाल्याचे सांगतात. देवळाची दारे ज्यांना बंद होती, त्यांनी रामाचे नाव कपाळावर, हातांवर, काहींनी सर्वांगावर गोंदवून घेतले. दाराशी अडवणाऱ्याला आता काय अडवायचे होते? घासीदासांचे सतनाम, दामाखेड्याचे कबीरपंथी आणि हे रामनामी, अशा नामधारकांच्या भूमीत वारकऱ्यांचे नाम घेऊन आलेली मराठी माणसे परकी राहिली नाहीत, यात नवल नाही.

मुलींच्या नावाचा विचार केल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. माधवाचे स्त्रीरूप माधवी. ती वेल आहे, वसंतात फुलणारी. पण महाभारताच्या उद्योगपर्वातली माधवी ही ययातीची कन्या. गालवाला गुरुदक्षिणेसाठी विशिष्ट जातीचे आठशे घोडे हवे होते. ययातीने घोड्यांऐवजी मुलगी दिली, आणि एकामागून एक राजांच्या घरी ती ठेवली गेली. शेवटी पित्याने स्वयंवर मांडले तेव्हा तिने जमलेल्या सर्वांना ओलांडून वनाला वरले. पुढे ययाती स्वर्गातून ढळला, त्या वेळी आपल्या तपाचे अर्धे पुण्य त्याला देऊ करणारी हीच माधवी. मुलीचे नाव माधवी ठेवताना वेलीची आठवण जितकी होते तितकी हिचीही व्हावी.

मराठी लग्नात तर मुलीचे नावच बदलले जाई. ताटात तांदूळ पसरायचे, अंगठीने नवे नाव रेखायचे आणि पेढे वाटायचे. आत्याने कानात सांगितलेले, शाळेच्या हजेरीपटावर अनेक वर्षे वाचले गेलेले नाव त्या तांदळांखाली जाई. माजी विद्यार्थिनींच्या याद्या करणाऱ्यांना हा अनुभव सर्वत्र येतो: शाळेने ओळखलेली मुलगी कोणत्या नावाने शोधावी? ही चाल आता बरीच मागे पडली आहे. ती गेली याचे वाईट वाटण्याचे कारण नाही.

आता रायपूरच्या माधवाकडे. माधवराव सप्रे १९ जून १८७१ रोजी दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे जन्मले. मातृभाषा मराठी, शिक्षण बिलासपूर-रायपुरात, आणि लेखणी हिंदीची. जानेवारी १९०० मध्ये पेंड्रा येथून त्यांनी 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक काढले. वामनराव लाखे त्याचे प्रकाशक होते. तीन वर्षांत ते बंद पडले, पण त्यात १९०१ साली आलेली 'एक टोकरी भर मिट्टी' ही सप्र्यांची कथा हिंदीतील अगदी आरंभीच्या लघुकथांत गणली जाते. १९०७ मध्ये नागपूरहून त्यांनी 'हिंदी केसरी' सुरू केला, टिळकांचा विचार हिंदी भाषकांपर्यंत नेण्यासाठी. १९०८ च्या ऑगस्टमध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली.

पुढचा भाग गौरवग्रंथांत चार ओळींत आटोपला जातो. तो आटोपू नये. घरच्यांच्या, विशेषतः वडील बंधूंच्या, निर्वाणीच्या आग्रहापुढे सप्रे नमले आणि क्षमापत्र देऊन सुटले. टिळक तेव्हा सहा वर्षांची शिक्षा घेऊन मंडालेच्या वाटेला लागलेले होते. सुटकेनंतरची सप्र्यांची मनःस्थिती कल्पनेनेच जाणावी. ते वर्ध्याजवळ हनुमानगढ येथे रामदासी संप्रदायातील श्रीधर विष्णु परांजपे यांच्यापाशी गेले, भिक्षेवर राहिले, दासबोधाची पारायणे करीत राहिले. घरोघरून थोडी थोडी मागून आणलेल्या भिक्षेला मराठीत माधुकरी म्हणतात. भुंगा फुलाला न दुखवता मध घेतो तशी.

महाभारतात संजय धृतराष्ट्राला श्रीकृष्णाच्या नावांचे अर्थ समजावून सांगतो. तेथे माधव या नावाची फोड लक्ष्मीवरून केलेली नाही आणि मधुकुळावरूनही नाही. मौन, ध्यान आणि योग यांमुळे तो माधव जाणावा, असे संजय म्हणतो. व्याकरणाने ही व्युत्पत्ती सिद्ध करता येणे कठीण. पण वृत्तपत्राचा संपादक, ज्याचे शस्त्रच शब्द, तो हनुमानगढच्या त्या काळात सार्वजनिक बोलण्यापासून दूर राहिला, आणि तिथून उठला तो दासबोध हिंदीत नेण्याचे काम घेऊनच. १९१५ साली टिळकांचे 'गीतारहस्य' प्रसिद्ध झाले. त्याचा हिंदी अनुवाद दुसऱ्याच वर्षी आला, आणि तोही सप्र्यांचाच. ज्यांच्या मार्गावरून आपण ढळलो असे वाटत होते, त्यांचा ग्रंथ त्यांनी ओळीओळीने दुसऱ्या भाषेत लिहून काढला. चिंतामणराव वैद्यांच्या महाभारतविषयक ग्रंथाचाही अनुवाद त्यांनी केला. रायपुरात मुलींच्या शिक्षणासाठी जानकीदेवी महिला पाठशाळा उभी करण्यात त्यांचा पुढाकार होता. 'मा' म्हणजे विद्या, हा भाष्यातला दुसरा अर्थ येथे कुणाला आठवला तर तो ओढूनताणून आणलेला म्हणता येणार नाही.

१९२४ मध्ये देहरादूनच्या हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. २३ एप्रिल १९२६ रोजी, ऐन वसंतात, रायपुरातच त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाची शाळा याच शहरात आहे. तिथे शिकणाऱ्या बहुतेक मुलांना मराठी येत नाही; पण आपल्या शाळेचे नाव सांगताना 'माधवराव' हा शब्द ती अगदी स्वच्छ उच्चारतात.